बाटलीचे पैसे कुणाचे?

हिरव्या पाकिटात दोन औषधं असतात. सेक्निडॅझोल 2 ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅम. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं, म्हणजे ‘नॅको’नं, गुप्तरोगांच्या औषधांची रंगवार पाकिटं ठरवून दिली आहेत. अंगावरून पांढरं जातंय, खाज सुटतेय, तर हिरवं. ओटीपोटात दुखतंय, तर पिवळं. गुप्तांगावर पाण्याच्या फोडांचा पुंजका आलाय, तर लाल. ज्या बाईला अक्षरओळख नाही तिलाही मागच्या वेळी कुठलं पाकीट दिलं होतं ते रंगावरून सांगता येतं. गोळ्या फुकट असतात, आणि हिरव्या पाकिटातल्या तर एकदाच घ्यायच्या असतात. पाकीट हातात ठेवताना डॉक्टर दोन-तीन गोष्टी सांगतात. जोडीदाराला त्रास असेल तर त्यालाही घेऊन या. थोडे दिवस संबंध नकोत. आणि गोळ्या घेतल्यावर दोन दिवस दारूला शिवू नका.

ऐकणारी बाई धंदा करून पोट भरत असेल तर यातलं काहीच तिच्या हातात नसतं. जोडीदार म्हणून आणायचं कुणाला? संबंध नकोत म्हणजे तितक्या दिवसांची कमाई नको, आणि खोलीचं भाडं तर रोज चढतं. राहिली दारू. गिऱ्हाईक येताना बाटली घेऊन येतं, निदान मागवतं तरी, आणि तिनंही दोन घोट घ्यावेत अशी त्याची अपेक्षा असते. या जातीच्या औषधांवर दारू पोटात गेली तर काहींना उलट्या होतात, छातीत धडधडतं, चेहरा लाल होतो. हे एकदा भोगलेली बाई पुढच्या वेळी दारू सोडत नाही, कारण दारू सोडली तर गिऱ्हाईक जातं. ती गोळ्या पुढे ढकलते. आजार अंगावर काढते.

व्यसन आणि लैंगिक आजार यांचा संबंध सांगताना आपल्याकडे बहुतेक वेळा एक सोपी मांडणी होते. नशेत भान सुटतं, भान सुटलं की काळजी घेतली जात नाही, मग रोग होतो. हे खोटं नाही. पण हातावर पोट असलेल्या बाईच्या बाबतीत ते फारच अपुरं आहे. तिथे दारू अनेकदा कामाचं हत्यार असते, कधी कामाची अट असते, आणि कधी दुसऱ्याच कुणाच्या पोटात गेलेली असते. पैसे कुणी दिले आणि प्यायलं कोण, हे पाहिल्याशिवाय धोका कुठून आला ते कळत नाही.

आकड्यांत ही बाई सहज सापडत नाही. दिल्लीच्या ‘एम्स’नं केंद्र सरकारसाठी केलेलं व्यसनांचं देशव्यापी सर्वेक्षण 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार 10 ते 75 वयोगटातले 27.3 टक्के पुरुष दारू पितात. बायकांचं प्रमाण 1.6 टक्के. इतका कमी आकडा पाहून व्यसनमुक्तीच्या योजना पुरुषांसाठी आखल्या जातात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पण अशी पाहणी मुख्यतः घरोघरी जाऊन होते. दारात सासरा उभा असताना ‘तुम्ही दारू पिता का’ या प्रश्नाला सून काय उत्तर देणार? आणि फलाटावर झोपणारी, कुंटणखान्याच्या पोटमाळ्यावर राहणारी, बारमधून पहाटे परतणारी बाई अशा पाहणीत कितीशी येणार?

धंद्यातल्या दारूची सुरुवात बहुतेकदा स्वतःच्या इच्छेनं होत नाही. फसवून आणलेल्या मुलीचा विरोध मोडण्यासाठी तिला सुरुवातीच्या दिवसांत दारू पाजली गेल्याचं सुटका झालेल्या कित्येक मुलींनी सांगितलेलं आहे. ज्या परिस्थितीनं येतात त्यांची गोष्ट वेगळी, पण पहिले काही महिने शुद्धीत राहून काम जमत नाही असं त्याही सांगतात. पुढे दारू अंगवळणी पडते. कंबरदुखी, जागरण, लाज, गावाकडे ठेवलेल्या मुलाची आठवण, सगळ्यांवर तोच उतारा. कुंटणखान्यात मालकीण दारूही विकते, बाहेरच्यापेक्षा चढ्या भावानं. बाईची कमाई आणि बाईची उधारी एकाच वहीत मांडली जाते. मुंबई आणि कोलकात्यात निम्मी कमाई मालकिणीला देण्याच्या पद्धतीला अधिया म्हणतात. उरलेल्या निम्म्यातून खोली, वीज, डॉक्टर आणि बाटली वजा झाली की हातात उरतं ते पुढच्या आठवड्याचं कर्ज.

कर्जात असलेल्या बाईला निरोधचा आग्रह महाग पडतो. (1968 साली सरकारनं बाजारात आणलेलं हे नाव आता कुठल्याही कंडोमला लागतं.) बिननिरोध यायला तयार असशील तर जास्त पैसे देतो, असं म्हणणारी गिऱ्हाइकं असतातच. नेहमीच्या दिवशी ती त्याला परत पाठवते. भाडं थकलेल्या आठवड्यात पाठवत नाही. त्यात तो प्यायलेला असेल तर बोलणी फिसकटून मारहाणीवर जाण्याची भीती. निरोध नीट चढत नाही, फाटतो, तो मधेच काढून टाकतो, आणि ती स्वतःही प्यायलेली असेल तर ते तिच्या लक्षात येत नाही. हा सगळा प्रकार चार-पाच मिनिटांत होऊन जातो. आरोग्यशिक्षणाच्या तक्त्यावर मात्र ‘प्रत्येक वेळी कंडोम वापरा’ एवढंच लिहिलेलं असतं.

सांगलीच्या गोकुळनगर या वेश्यावस्तीत हे फार लवकर ओळखलं गेलं. मीना सरस्वती शेषू यांनी 1992 मध्ये ‘संग्राम’ ही संस्था सुरू केली, तेव्हा एड्सच्या नावानं देशात नुसती घबराट होती. भारतात एचआयव्हीचा पहिला शोध 1986 साली चेन्नईत लागला, तोही धंद्यातल्या बायकांच्या रक्ताच्या नमुन्यांत. त्यानंतरची काही वर्षं या बायकांकडे रोगाचा साठा म्हणूनच पाहिलं गेलं. मुंबईच्या कामाठीपुऱ्यात नव्वदच्या दशकात झालेल्या तपासण्यांत निम्म्याहून अधिक बायका बाधित आढळल्या होत्या. सांगलीत निरोध वाटायला बाहेरचे कार्यकर्ते पाठवण्याऐवजी वस्तीतल्याच बायकांनी ते काम अंगावर घेतलं, आणि 1996 मध्ये त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली: ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’, म्हणजेच ‘व्हॅम्प’. शेजारीण निरोध द्यायला येते तेव्हा कोण किती पिते, कुणाचं गिऱ्हाईक दंगा करतं, कुणाच्या अंगावरून जातंय, हे तिला विचारावं लागत नाही. ते तिला ठाऊकच असतं. प्यायलेल्या गिऱ्हाइकाला कसं हाताळायचं, आरडाओरडा झाला तर कुणी धावून जायचं, हे ज्ञान कुठल्याही पुस्तिकेत नव्हतं. ते तिथल्या जुन्या बायकांकडे होतं.

या वस्त्यांत आणखी एक माणूस असतो. त्याला बायका ‘मालक’ म्हणतात. तो नवरा नसतो आणि गिऱ्हाईकही नसतो. वर्षानुवर्षांचा सोबती असतो, कधी मुलांचा बाप. गिऱ्हाइकाबरोबर निरोध वापरणारी बाई मालकाबरोबर वापरत नाही, कारण तिथे निरोध काढणं म्हणजे अविश्वास दाखवणं. बाईच्या पैशावर पिणारा मालक ही तर सर्रास दिसणारी गोष्ट. एचआयव्हीवर काम करणाऱ्यांना हा दरवाजा उघडा राहिल्याचं उशिरा कळलं. गिऱ्हाइकाच्या बाजूनं कडेकोट बंदोबस्त झाला तरी संसर्ग घरच्या वाटेनं येऊ शकतो.

आणि इथे धंद्यातली बाई आणि चारचौघींतली बाई यांच्यातली भिंत पातळ होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 दरम्यान, ज्यांचे नवरे वरचेवर दारू पिऊन तर्र असतात अशा 70 टक्के बायकांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. नवरा न पिणाऱ्या बायकांत हे प्रमाण 23 टक्के होतं. प्यायलेल्या नवऱ्याला नकार देण्याची आणि निरोध वापर म्हणण्याची सोय मजुरी करणाऱ्या बाईला धंद्यातल्या बाईपेक्षाही कमी असते. धंद्यातली निदान भाव तरी ठरवते.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या 650 बायका तपासल्या आणि 1989 मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, एकेकीला सरासरी साडेतीनहून अधिक. त्यांतल्या जेमतेम 8 टक्के बायकांची त्याआधी कधी आतून तपासणी झाली होती. जगभर गाजलेला हा आकडा गावातल्या बायकांना मात्र नवा नव्हता. धुपणी, अंगावरून जाणं हे बाईच्या जन्माला चिकटलेलंच आहे असं त्या धरून चालत होत्या. याच गडचिरोलीत दारूबंदीसाठी मोठी चळवळ झाली, बायका त्यात हिरिरीनं उतरल्या आणि 1993 मध्ये जिल्ह्यात बंदी आली. बायकांच्या लेखी दारूचा प्रश्न आणि अंगावरच्या दुखण्याचा प्रश्न एकाच घरातले होते. सरकारी खात्यांनी ते दोन फायलींत ठेवले आणि आजही ते तिथेच आहेत.

बायकांच्या स्वतःच्या व्यसनाबद्दल बोलायचं तर महाराष्ट्रात पहिलं नाव दारूचं नव्हे, मिश्रीचं येईल. तंबाखू तव्यावर काळपट भाजायची, कुटायची आणि बोटानं दातांवर, हिरड्यांवर घासायची. दात साफ होतात हे निमित्त. खरी गरज भूक मारण्याची आणि तरतरीची. फडावर पहाटे चारला कोयता हातात घेणाऱ्या ऊसतोड बाईला चहाआधी मिश्री लागते. याला कुणी व्यसन म्हणत नाही, म्हणून गरोदरपणीही ती सुटत नाही. मुंबईत 1217 गरोदर बायकांवर झालेला अभ्यास 2004 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं छापला. मिश्रीसारखी धूररहित तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी भरली आणि त्यांच्यात दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोकाही वाढलेला दिसला.

याच ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा विषय 2019 मध्ये विधिमंडळात गाजला. बीड जिल्ह्यात 82 हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली तेव्हा त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, म्हणजे हिरव्या किंवा पिवळ्या पाकिटात भागू शकणारी तक्रार घेऊन गेलेल्या कित्येक जणींना पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला. तो मानण्यामागे हिशेबही होता. खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. पाळीच बंद झाली तर खाडे कमी.

शरीराचा भागही समजून घ्यायला हवा, कारण तिथे बाई आधीच मागे असते. परमा (गनोरिया) किंवा क्लॅमिडिया पुरुषाला झाला तर लघवीला जळजळ होऊन तो डॉक्टरकडे पळतो. बाईला बऱ्याचदा काहीच जाणवत नाही. संसर्ग मुकाट वर सरकतो आणि गर्भनलिका खराब करतो. गरमीची, म्हणजे सिफिलिसची, पहिली जखम दुखत नाही आणि आपोआप भरूनही येते. वेळीच कळलं तर बेंझाथिन पेनिसिलिनच्या 24 लाख युनिटच्या एका मात्रेत भागतं. न कळता दिवस राहिले तर मूल मृत जन्मू शकतं. अशी जखम अंगावर असताना एचआयव्ही शिरणं सोपं होतं. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका इतर बायकांच्या सहापट असतो. बाईच्या शरीरात पाण्याचा अंश कमी असल्यानं तेवढीच दारू तिला पुरुषापेक्षा जास्त चढते, यकृतही लवकर बिघडतं. एचआयव्हीच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. नशेत एकेक दिवस चुकत गेला की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. सोबत क्षयाचं औषध चालू असेल तर यकृतावर दुहेरी मार. आणि दारूनं दुखणं बधिर होत असल्यामुळे बाई दवाखान्यात पोचते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

सुईची नशा महाराष्ट्रात तुलनेनं कमी. तिचा मुलूख म्हणजे मणिपूर आणि आसपासची राज्यं. म्यानमारच्या सीमेवरून येणाऱ्या हेरॉईननं तिथे ऐंशीच्या दशकापासून घरं पोखरली. तिथल्या सुई घेणाऱ्या बायकांची कहाणी ऐकली की आपल्याकडची बाटली आठवते. कित्येक जणींना पहिली सुई जोडीदारानं टोचलेली असते. एकच सुई असेल तर आधी तो टोचून घेतो, मग ती. म्हणजे रक्त लागलेली सुई नेहमी तिच्या वाट्याला. पुढे दोघांच्या पुडीचा खर्च भागवायला धंदा तिनंच करायचा. 2017 च्या राष्ट्रीय पाहणीत देहविक्री करणाऱ्या बायकांत एचआयव्हीचं प्रमाण 1.56 टक्के होतं आणि सुई घेणाऱ्यांत 6.26 टक्के. मग ज्या बाईच्या आयुष्यात दोन्ही आहेत तिची जोखीम कुठल्या रकान्यात मोजायची? तिथे स्वच्छ सुया वाटणं आणि हेरॉईनऐवजी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देखरेखीखाली देणं हे उपाय चालतात. पण त्या केंद्रांत रांगेत सगळे पुरुष. त्यांच्यात उभं राहायचं म्हणजे गावभर बभ्रा.

महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचं नाव निघालं की पुण्याचं ‘मुक्तांगण’ आठवतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये ते सुरू केलं. बायकांसाठी तिथे ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. अशी ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. आणि जिथे सोय आहे तिथेही महिनाभर राहायचं तर मुलांना ठेवायचं कुठे, खोली कोण सांभाळणार, हप्ता कोण भरणार? पुरुष दाखल होतो तेव्हा मागे घर चालवायला बायको असते. बाईच्या मागे कुणी नसतं. त्यात व्यसनमुक्ती केंद्रं सामाजिक न्याय खात्याकडे आणि एड्सची कामं आरोग्य खात्याकडे. एका खिडकीवर अंगावरून जाण्याबद्दल कुणी विचारत नाही, दुसऱ्या खिडकीवर दारूबद्दल ‘सोडून द्या’ यापलीकडे बोलणं होत नाही. हा कारभारातला दोष आहे, बायकांच्या स्वभावातला नव्हे, आणि तो दुरुस्त करायला नवं विज्ञान लागत नाही. दवाखाना सकाळी नऊ ते एक उघडा असतो आणि या बायका त्या वेळी झोपलेल्या असतात. ती वेळ बदलली तरी बराच फरक पडेल.

नुसती बंदी घालून काय होतं, तेही महाराष्ट्रानं पाहिलं आहे. 2005 मध्ये राज्यानं डान्सबार बंद केले. सुमारे 75 हजार बायकांचा रोजगार गेला असं तेव्हा सांगितलं जात होतं. 2013 मध्ये बंदी रद्द ठरवताना सर्वोच्च न्यायालयानं नोंदवलं की रोजगार गेल्यावर यांतल्या कित्येकींना पोटासाठी देहविक्रीकडे वळावं लागलं. बायकांना वाचवण्यासाठी आणलेला कायदा त्यांना आणखी धोक्याच्या कामात लोटून गेला.

उलट्या दिशेचा अनुभव कोलकात्याच्या सोनागाछी या वेश्यावस्तीचा. डॉ. स्मरजित जाना यांनी 1992 मध्ये तिथे काम सुरू केलं तेव्हा निरोधचा वापर 3 टक्क्यांच्याही आत होता. प्रकल्पाच्याच नोंदींनुसार दशकाच्या अखेरीस तो 90 टक्क्यांच्या घरात गेला. निरोध वाटले, दवाखाना काढला, हे तर झालंच. पण 1995 मध्ये बायकांनी ‘उषा’ नावाची सहकारी पतपेढी काढली, हे त्यातलं खरं मर्म. सावकाराचं व्याज फिटल्यावर प्यायलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवणं परवडू लागलं. जाना स्वतः साथरोगतज्ज्ञ होते, आणि साथ आटोक्यात आणायला त्यांना पतपेढीची गरज पटली, ही गोष्ट वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवण्यासारखी आहे.

कोरोनाच्या टाळेबंदीत याची उलटी परीक्षा झाली. 2020 मध्ये वस्त्या ओस पडल्या, कमाई शून्यावर आली. रेशनकार्ड नसलेल्यांना धान्य मिळेना, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला सप्टेंबरमध्ये ओळखपत्राचा हट्ट न धरता कोरडा शिधा द्या असं राज्यांना सांगावं लागलं. महाराष्ट्रानं काही महिने दरमहा 5000 रुपये दिले. पुढे 19 मे 2022 च्या आदेशात न्यायालयानं या बायकांना सन्मानानं वागवण्याचे निर्देश पोलिसांना दिले आणि निवासाचा पुरावा नसला तरी एड्स नियंत्रण यंत्रणेच्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड मिळावं अशी सोय केली. आधार आलं की बँकेत खातं निघतं. खातं असलं की पैसे मालकिणीकडे ठेवावे लागत नाहीत.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला स्वतःसाठी, घरात कामाला येणाऱ्या मावशींसाठी किंवा आणखी कुणासाठी उपयोगी पडेल म्हणून थोडी माहिती. निरोध फाटला, जबरदस्ती झाली किंवा वापरलेली सुई टोचली गेली तर एचआयव्ही रोखणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि ती 28 दिवस घ्यायची असतात. तपासणी सरकारी रुग्णालयांतल्या समुपदेशन व तपासणी केंद्रात फुकट होते. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा संमतीशिवाय तपासणीला आणि परवानगीशिवाय नाव उघड करायला मनाई करतो. एड्सविषयक माहितीसाठी 1097, व्यसनासाठी 14446. एकाच बाईनं हे दोन वेगळे क्रमांक लावायचे असतात. दारू चालू असेल तर तीही डॉक्टरांना सांगायला हवी. दारू पिते म्हणून औषध नाकारलं जात नाही. मात्र कोणतं औषध द्यायचं आणि कधी घ्यायचं, ते त्यावरून ठरतं.